कुसळ आणि कुत्रा : शोभेच्या गवतांचा एक विचार

शोभेच्या गवतांपासून पाळीव कुत्र्यास अपाय होतो काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ पशुवैद्यकाचा वाटतो. परंतु उत्तर शोधू लागताच तो शब्दार्थाचाही प्रश्न ठरतो. लातूर शहरास २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात थोड्या पाण्यावर तगणाऱ्या गवतांकडे बागा लावणाऱ्यांचा कल असणे स्वाभाविक आहे; म्हणून हा विचार येथे अप्रस्तुत नाही.

शास्त्रदृष्ट्या गवत म्हणजे तृणकुलातील वनस्पती. या कुलातील बहुतेक जाती कुत्र्यास विषारी नाहीत. कुत्रा अधूनमधून हरळी खातो. तेवढ्यावरून तो आजारी आहे असे मानणे युक्त नव्हे. गवती चहा याच कुलातील. तो अधिक खाण्यात आल्यास त्यातील सुगंधी तेलामुळे पोट बिघडू शकते.

लोकव्यवहारात मात्र अरुंद, लांब पात्याची कोणतीही वनस्पती 'गवत' म्हणून खपते. वाफ्याच्या कडेने लावतात ती रेन लिली पानांवरून गवतासारखी दिसते. पण तिचे कुल निराळे असून तिच्या कांद्यात लायकोरिन हे वांतिकारक द्रव्य असते. माती उकरणाऱ्या कुत्र्यास तो कांदा सहज सापडतो. येथे नावातील घोळच अपायास कारण होतो.

खऱ्या गवतांचा मुख्य धोका त्यांच्या बीजाच्या घडणीत आहे, आणि मराठीने तो नावातच नोंदवून ठेवला आहे. माळरानावरील एका गवतास 'कुसळी' म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कन्टॉर्टस; यातील 'कन्टॉर्टस' म्हणजे पिळलेला. गुराख्याच्या शब्दाने टोचणारे कुसळ टिपले, शास्त्रज्ञाच्या शब्दाने त्याचा पीळ. दोन्ही निरीक्षणे एकत्र घेतली म्हणजे क्रिया उलगडते. ओलाव्याने पीळ सुटतो, कोरडेपणाने पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने टोक जमिनीत शिरते. त्यावरील मागे वळलेले केस त्यास परतू देत नाहीत. बीज रुजण्यासाठी असलेली ही रचना कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात वा नाकपुडीत अडकली, तर शरीराच्या हालचालीबरोबर कुसळ आत आत सरकते, सोबत जंतू नेते आणि गळू होते. साध्या क्ष-किरण चित्रात ते सहसा दिसतही नाही.

यावरून निवडीची कसोटी निघते. पात्यापेक्षा तुरा तपासावा. कुसळे कडक व टोकदार असल्यास ते गवत लावू नये, किंवा बी पिकण्यापूर्वीच तुरे कापावेत. पावसाळा सरल्यावर, आश्विन-कार्तिकात, कुत्रा फिरून आला की त्याचे पंजे व कान पाहावेत. एकाएकी सुरू झालेल्या शिंका, सतत डोके झटकणे किंवा एकच पंजा चाटत राहणे, ही लक्षणे दिसताच पशुवैद्यास दाखवावे. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालयही आहे.

डोळ्यातील कुसळ आणि मुसळ यांच्या म्हणीत कुसळ हे क्षुल्लकतेचे प्रतीक आहे. कुत्र्याच्या पापणीखाली गेलेल्या कुसळाने मात्र बुबुळास जखम होऊन दृष्टी जाण्याची भीती असते. तेथे म्हणीतला अर्थ बाजूस ठेवून माळावरचा अर्थच ध्यानात घेणे इष्ट होय.