गाडी पळतेय, गॅरेज कुठंय?

इलेक्ट्रिक कारच्या ईएमआयचं गणित सगळ्यांना पाठ आहे. किलोमीटरमागे किती पैसे पडतात, तेही पाठ. पण गाडी बंद पडली तर न्यायची कुठे? शोरूमच्या थंडगार एसीत हा प्रश्न कुणाला आठवतच नाही. म्हणूनच ही थोडी शोधाशोध...

लंच अवरमध्ये एकदा ऑफिसच्या बेसमेंट पार्किंगमध्ये चक्कर मारा आणि हिरव्या नंबरप्लेट मोजा. हिंजवडी असो, खराडी असो की बीकेसी, पाच-सहा वर्षांपूर्वी अशी एखादी गाडी दिसली तरी लोक थांबून बघायचे. आता चार्जिंग पॉइंटसाठी नंबर लावावा लागतो!

तशी इलेक्ट्रिक कार आपल्याला नवी नाही. बंगळुरूची चिमुकली ‘रेवा’ २००१ मध्येच रस्त्यावर आली होती. पण ती हौशी लोकांची गाडी. खरा खेळ सुरू झाला जानेवारी २०२० मध्ये, टाटांची नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा. २०२४ या एका वर्षात देशात जवळपास एक लाख इलेक्ट्रिक कार विकल्या गेल्या. नेक्सॉन बनते रांजणगावला, महिंद्राच्या ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ चाकणला. म्हणजे सगळं आपल्याच अंगणात चाललंय. वर राज्य सरकारने २०२५ च्या धोरणात २०३० पर्यंत नव्या वाहनांपैकी ३० टक्के इलेक्ट्रिक करायचं ठरवलंय, आणि ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर टोलमाफीही सुरू केली. मग काय, पब्लिक खूश!

गाड्या विकणारे तयार, घेणारे तयार. दुरुस्त करणारे तयार आहेत का?

बिघडायला आहेच काय?

शोरूममधल्या सेल्समनचं हे लाडकं वाक्य. आणि ते निम्मं खरंही आहे. पेट्रोलच्या इंजिनात शेकडो हलते भाग. ऑइल बदला, प्लग बदला, क्लच प्लेट घासली, बेल्ट तुटला, सायलेन्सर गंजला... इलेक्ट्रिक गाडीत यातलं काहीच नाही. सर्व्हिसिंगला नेली की एसीचा फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट, टायर, सस्पेन्शन बघतात, सॉफ्टवेअर अपडेट करतात आणि गाडी हातात देतात. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की मोटारच गाडीचा वेग कमी करते, त्यामुळे ब्रेक पॅडसुद्धा जास्त टिकतात. बिल बघून पेट्रोलवाल्या मित्रांचा नुसता जळफळाट!

उरलेलं निम्मं असं, की ही गाडी कमी वेळा बिघडते, पण बिघडली की हलत नाही. पेट्रोलची गाडी खोकत, धूर सोडत का होईना, कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत पोचते. इलेक्ट्रिक गाडी डॅशबोर्डवर एक लाल दिवा लावते आणि शांतपणे उभी राहते. धक्का मारून चालू करायची तर सोयच नाही. दोरी बांधून ओढायचीही नाही, कारण चाकं फिरली की मोटार फिरते. त्यामुळे अख्खी गाडी उचलून नेणारा ट्रक मागवावा लागतो.

गंमत म्हणजे, कधी कधी या सगळ्या नाटकाला कारणीभूत असते ती एक साधी छोटी बॅटरी. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये मोठ्या बॅटरीबरोबर नेहमीची १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती उतरली, तर मोठ्या बॅटरीचा स्विच लागतच नाही. खाली ८० टक्के चार्ज असतो आणि गाडी ढिम्म! हे काम खरं तर कुठलाही गॅरेजवाला करून देईल. पण हिरवी नंबरप्लेट बघूनच तो हात जोडतो.

नारिंगी वायरींची लक्ष्मणरेषा

माझ्या घराजवळ एक गॅरेज आहे. तिथले मालक गेली पंचवीसेक वर्षं गाड्या उघडतायत. आमच्या सोसायटीतले सगळे त्यांना मामा म्हणतात. बॉनेटवर हात ठेवून, नुसता आवाज ऐकून ते आजार सांगतात. इलेक्ट्रिक गाडीबद्दल विचारलं तर हसले. त्यांचं म्हणणं, ही बयाच मुकी, हिची नाडी बघायची कशी?

मामांची भीती काही खोटी नाही. बॉनेटखाली ज्या जाड नारिंगी वायरी दिसतात, त्या हाय व्होल्टेजच्या. घरातल्या सॉकेटला २३० व्होल्ट असतात. इथे बहुतेक गाड्यांत डीसी व्होल्टेज तीनशेच्या वर. एक चूक आणि खेळ खल्लास. त्यामुळे त्याची एक ठरलेली शिस्त आहे. आधी गाडी बंद करायची, १२ व्होल्टची बॅटरी सोडवायची, सर्व्हिस प्लग काढायचा, आतल्या कपॅसिटरमधली वीज उतरेपर्यंत काही मिनिटं थांबायचं, मग मीटरने मोजून व्होल्टेज शून्य झाल्याची खात्री करायची. हातात १००० व्होल्टचे रबरी ग्लोव्ह्ज, हत्यारं इन्सुलेटेड, आणि शेजारी दुसरा माणूस उभा. एकट्याने करायचं हे काम नव्हेच.

आणि ही शिस्त फक्त बॅटरीच्या कामापुरती नाही. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यात एका नेक्सॉन ईव्हीने पेट घेतला. टाटा मोटर्सने तपासणीनंतर सांगितलं, की गाडीचा डावा हेडलॅम्प नुकताच एका अनधिकृत वर्कशॉपमध्ये बदलला होता. तो बसवताना चुका राहिल्या, तिथे इलेक्ट्रिकल बिघाड झाला आणि आग लागली. हेडलॅम्प! म्हणजे ज्या कामाला आपण एरवी ‘अरे दहा मिनिटांचं काम आहे’ म्हणतो, ते.

मग कंपनीतच न्या की!

सगळे हेच सांगतात आणि आज तरी तोच शहाणपणा आहे. पण अडचण रांगेची आहे. शोरूम एका महिन्यात उभं राहतं. हाय व्होल्टेजवर हात टाकू शकणारा टेक्निशियन महिन्यात तयार होत नाही. वर्कशॉपमध्ये दहा रॅम्प असले, तरी ईव्हीसाठी शिकलेली माणसं मोजकीच. त्यातला एखादा सुट्टीवर गेला की तुमची गाडी उभी. पार्टचंही तसंच. चार्जर, इन्व्हर्टर, बॅटरी हे सगळे सीलबंद डबे. आत एखादी छोटी गोष्ट गेली, तरी अनेकदा अख्खा डबाच बदलायचा किंवा कंपनीकडे पाठवायचा. तोवर तुम्ही कॅबने ऑफिसला, आणि ईएमआय मात्र वेळेवर!

विक्री पुढे आणि सर्व्हिस मागे राहिली की काय होतं, त्याचा ट्रेलर स्कूटरवाल्यांनी बघितलाय. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला इलेक्ट्रिकला नोटीस पाठवली. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर कंपनीविरुद्ध १०,६४४ तक्रारी आल्या होत्या. त्यातल्या ९९.१ टक्के सोडवल्या, असं कंपनीने नंतर सांगितलं. त्याच सुमारास स्टॅण्डअप कॉमेडियन कुणाल कामराने धूळ खात उभ्या असलेल्या स्कूटरींचा फोटो टाकला आणि कंपनीच्या मालकांशी त्याची जाहीर जुंपली. आपण सगळ्यांनी पॉपकॉर्न खात ते भांडण वाचलं. पण त्या फोटोतल्या प्रत्येक स्कूटरमागे कामावर जायला निघालेलं कुणीतरी होतं, हे आपण विसरलो.

कारवाल्या कंपन्यांचं सर्व्हिसचं जाळं जुनं आणि मोठं आहे, त्यामुळे तशी वेळ येईलच असं नाही. पण धडा तोच आहे. दुरुस्तीची चावी एकाच खिशात असली, की त्या खिशाबाहेर रांग लागते.

कुलूप कुणाकडे?

ही चावी म्हणजे पाना-स्क्रूड्रायव्हर नव्हे. ही चावी म्हणजे सॉफ्टवेअर. गाडीला लॅपटॉप जोडल्याशिवाय नेमकं काय बिघडलंय ते कळत नाही. काही पार्ट तर बदलल्यावरही सॉफ्टवेअरने ओळख पटवल्याशिवाय चालत नाहीत. आणि ते सॉफ्टवेअर कंपनीचं.

हे भांडण ईव्हीच्याही आधीचं. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. दंडाचं प्रकरण पुढे अपिलांमध्ये गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही आलं. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं आणि शेतीच्या यंत्रांबरोबर गाड्याही आहेत. पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि मामांच्या गॅरेजमध्ये स्कॅनर असणं वेगळं.

शिकायची दारं मात्र उघडतायत. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आलाय. कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ईव्हीचे प्रशिक्षण कार्यक्रम घेते. मामांचा मुलगा असाच एक कोर्स करून आलाय. ग्लोव्ह्ज घेतले, मीटर घेतला. आता त्याच्या टेबलावर सगळं आहे, फक्त गाडीशी बोलायची परवानगी नाही. तूर्तास तो ईव्हीचे टायर, सस्पेन्शन आणि १२ व्होल्टची बॅटरी तेवढी बघतो.

२०२८ ची घंटा

तुम्ही म्हणाल, गाडी वॉरंटीत आहे, मग टेन्शन कशाला? करेक्ट. आज बहुतेक गाड्या वॉरंटीत आहेत, म्हणूनच हा प्रश्न अजून चावत नाहीये. २०२० च्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी होती. आठ वर्षं मिळवा. २०२८ पासून पहिल्या लाटेतल्या गाड्या एकेक करून कंपनीच्या छत्रीबाहेर पडायला लागतील. गाडीच्या किमतीचा सगळ्यात मोठा हिस्सा असतो तो बॅटरीचाच.

नव्या गाड्यांना ‘लाइफटाइम’ बॅटरी वॉरंटीची जाहिरात असते. पण ते लाइफ बहुधा पहिल्या मालकाचं! महिंद्राने नव्या गाड्या आणल्या तेव्हाच सांगितलं होतं, की गाडी विकली की नव्या मालकाला दहा वर्षं किंवा दोन लाख किलोमीटरची मर्यादा लागू.

आता आपल्या मध्यमवर्गाचा फंडा आठवा. पहिली पाच वर्षं गाडी कंपनीत जाते, मग मामांकडे, मग धाकट्या भावाकडे किंवा गावाला काकांकडे. पंधरा वर्षं गाडी वापरायची ती अशी. गल्लीतलं गॅरेज हाच या साखळीतला मधला दुवा. तो दुवाच नसेल, तर आठ वर्षांची ईव्ही घेणार कोण? आणि घेणारा नसेल, तर आज वाचवलेले पेट्रोलचे पैसे रीसेलमध्ये पाण्यात.

त्यामुळे सर्व्हिस मागणीला पुरी पडेल का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं. पुण्या-मुंबईत, वॉरंटीतल्या गाडीसाठी, थोडं ताटकळत का होईना, आज निभावतंय. तालुक्याच्या गावी आणि वॉरंटी संपल्यावर मात्र नुसती कंपन्यांची वर्कशॉप वाढवून भागणार नाही. शिकलेल्या गॅरेजवाल्याला सुटे भाग आणि सॉफ्टवेअर रीतसर, वाजवी फी घेऊन द्यावं लागेल. अर्धवट माहितीवर गाडी उघडली की काय होतं, ते त्या हेडलॅम्पने दाखवून दिलंय. दार बंद ठेवल्याने लोक जुगाड करायचे थांबत नाहीत, फक्त जुगाड जास्त धोक्याचा होतो.

टोकन देण्याआधी हे विचारा!

* घरापासून सगळ्यात जवळच्या ज्या वर्कशॉपमध्ये हाय व्होल्टेजचं काम होतं, ते कोणतं? ‘सर्व्हिस सेंटर आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.
* गाडी बंद पडली तर उचलून नेणारा ट्रक मोफत येईल का? किती किलोमीटरपर्यंत? गणपतीत कोकणात जाणार असाल तर हे आधी विचारा.
* बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का? किती टक्के क्षमता उरली तर बदलून देतात?
* बॅटरीतला एकच मॉड्यूल बदलून मिळतो की अख्खी बॅटरीच?
* पावसाचं पाणी शिरून बॅटरी गेली, तर इन्शुरन्स किती देतो? वेगळं कव्हर घ्यावं लागतं का?
* बाहेरच्या गॅरेजमध्ये टायर किंवा १२ व्होल्टची बॅटरी बदलली तर वॉरंटीवर परिणाम होतो का? उत्तर लेखी घ्या.

सेल्समन यातल्या दोन प्रश्नांनंतर मॅनेजरला बोलवायला गेला, तर समजा तुम्ही बरोबर प्रश्न विचारताय. टेस्ट ड्राइव्ह तर घ्याच हो, जाम मजा येते. पण येताना वर्कशॉपच्या दारातही एकदा डोकावून या. तिथे किती हिरव्या नंबरप्लेट उभ्या आहेत आणि किती दिवसांपासून, एवढं कळलं तरी पुरे!