जनरेटर धडधडतोय, पण व्हॅनमध्ये अंधार? जुन्या फूड व्हॅनची वीज अशी तपासा



जुनी फूड व्हॅन घेऊन धंदा सुरू करायचा विचार तुमच्यापैकी बरेच जण करताय. विचार चांगला आहे. भांडवल कमी लागतं आणि गाळ्याचं डिपॉझिट वाचतं. पण अशा व्हॅनसोबत बहुतेक वेळा एक जुना जनरेटरही गळ्यात पडतो, आणि तो नेमका शनिवारी संध्याकाळी दगा देतो. समोर गिऱ्हाईक उभं, फ्रीझरमध्ये पाच-सहा हजारांचा माल, आणि वायरमन फोन उचलत नाही!

अशा वेळी लगेच नवा जनरेटर घ्यायला पळू नका. आधी दोष कुठे आहे ते शोधा. बऱ्याचदा तो जनरेटरमध्ये नसतोच.

पहिली पायरी: जनरेटर आणि व्हॅन वेगळे करा

व्हॅनची वायर जनरेटरमधून काढा. जनरेटर मोकळ्या हवेत चालू करा आणि त्याच्याच सॉकेटमध्ये साधी इस्त्री लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून रीडिंग घ्या. आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. इस्त्री चालू असताना २२०-२४० च्या आसपास मिळतंय? मग जनरेटर बहुधा ठीक आहे, दोष व्हॅनच्या वायरिंगमध्ये किंवा लोडमध्ये आहे. मिळत नसेल तर दोष जनरेटरचा. पाच मिनिटांत अर्धं काम झालं!

दोष व्हॅनमध्ये असेल तर

रस्त्यावरच्या धक्क्यांनी जुन्या गाडीतले स्क्रू ढिले होतात. जनरेटर बंद करून, वायर काढून, मग प्लग, चेंजओव्हर स्विच आणि एमसीबीचे टर्मिनल बघा. काळपट डाग किंवा वितळलेलं प्लास्टिक दिसलं, तर ढिलं कनेक्शन तिथेच आहे. तो भाग बदलून घ्या, टेप गुंडाळून भागवू नका.

कोणता स्विच पडतोय तेही बघा. एमसीबी पडला तर लोड जास्त आहे किंवा शॉर्ट आहे. आरसीसीबी पडला तर करंट कुठेतरी गळतोय. सगळी उपकरणं काढा आणि एकेक लावत जा. ज्याच्यावर पडेल ते दोषी. बहुतेक वेळा ओल धरलेलं हीटिंग एलिमेंट निघतं. ‘सारखा पडतोय’ म्हणून आरसीसीबी काढून थेट जोडणी करू नका. लोखंडी गाडी, खाली ओली जमीन, काउंटरला हात लावणारं गिऱ्हाईक. तिथे तो स्विच जीव वाचवायला बसवलेला असतो.

वायरही तपासा. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरने २० मीटरवरून १० अँपिअर ओढले, तर सुमारे १० व्होल्ट वाटेतच खर्च होतात. त्यात वायर गुंडाळलेली असेल तर ती तापून वितळू शकते. जाड वायर घ्या आणि पूर्ण उलगडून वापरा.

दोष जनरेटरमध्ये असेल तर

*इंजिन चालू, पण व्होल्टेज शून्य.* आधी जनरेटरचा स्वतःचा ब्रेकर बघा. तो वर असेल, तर कपॅसिटर, एव्हीआर किंवा कार्बन ब्रश गेला असेल. बरेच महिने पडून राहिलेल्या जनरेटरमधलं मूळ चुंबकत्वही कमी होतं, मग इंजिन फिरूनही वीज तयार होत नाही. हे काम मिस्त्रीचं. इंजिन बंद असलं तरी कपॅसिटर झटका देऊ शकतो, आपण हात घालू नका.

*लोड टाकला की लाईट मंद होते.* मल्टिमीटरवर हर्ट्झ दिसत असतील तर तेही बघा. व्होल्टेजसोबत हर्ट्झही खाली येत असतील, तर इंजिन दमतंय. एअर फिल्टर, जुनं पेट्रोल, कचरा धरलेला कार्बोरेटर, नाहीतर क्षमतेपेक्षा जास्त लोड. हर्ट्झ ५० च्या आसपास आणि व्होल्टेजच कमी असेल, तर दोष अल्टरनेटर किंवा एव्हीआरकडे आहे. मिस्त्रीला ही दोन रीडिंग सांगितलीत, तर तो ‘सगळं खोलून बघावं लागेल’ म्हणणार नाही.

*वीस-तीस मिनिटं चालून बंद पडतो.* टाकीचं झाकण जरा सैल करून बघा. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही. मग ऑइल बघा. ऑइल कमी असेल किंवा गाडी उतारावर उभी असेल, तर सेन्सर इंजिन बंद करतो. जनरेटर पेटीत कोंडला असेल तर तापूनही बंद पडतो.

आता धंद्याचा हिशोब

३ केव्हीएचा जनरेटर, पॉवर फॅक्टर ०.८ धरला, तर २.४ किलोवॅट. रोज त्याच्या ७०-८० टक्केच लोड टाका, म्हणजे साधारण १,८०० वॅट. आता यादी करा: फ्रीझर २००, मिक्सर ७५०, दिवे आणि पंखा १५०. झाले १,१००. त्यात २,००० वॅटचा इलेक्ट्रिक ग्रिडल आला की गणित मोडलं! शिवाय फ्रीझरचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो. म्हणून आधी फ्रीझर, मग बाकीचं.

महाबळेश्वर-पाचगणीला स्टॉल लावणार असाल तर अजून एक गोष्ट. तिथे हवा विरळ असल्याने साधं पेट्रोल इंजिन दहा ते पंधरा टक्के ताकद गमावतं. सपाटीवर जेमतेम पुरणारा जनरेटर वर पुरणार नाही.

छोट्या पेट्रोल जनरेटरला एका युनिटला साधारण अर्धा लिटर पेट्रोल लागतं. १०० रुपये लिटर धरा, म्हणजे युनिट ५० रुपयांना पडलं! या विजेवर तवा तापवणं म्हणजे नफा जाळणं. तवा गॅसवर, वीज फक्त थंडाव्याला, उजेडाला आणि मिक्सरला. एवढा एक बदल केला, तर बऱ्याच जणांना मोठ्या जनरेटरची गरजच उरत नाही.

हे कधीच करू नका

- व्हॅनच्या आत किंवा खिडकीला लागून जनरेटर चालवणं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.
- गरम इंजिनवर पेट्रोल भरणं.
- चेंजओव्हर स्विचशिवाय बाहेरची लाईन आणि जनरेटर एकत्र जोडणं.

जुनी व्हॅन बघायला जाल तेव्हा इस्त्री आणि मल्टिमीटर सोबत न्या. मालकासमोर जनरेटर लोडवर अर्धा तास चालवा आणि रीडिंग वहीत लिहा. भाव त्यानंतर बोला. दोष निघाला तर दुरुस्तीचा अंदाज घेऊन तेवढी किंमत कमी करून मागा, आणि मालक अर्धा तास चालवायलाच तयार नसेल तर सरळ पुढची व्हॅन बघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत तुमच्या उपकरणांची वॅटसकट यादी करून ठेवा!