बुरशी-निर्मूलन परवान्याचे आंतरराज्यीय हस्तांतरण : अमेरिकेतील स्थिती

प्रस्तावना :
पूर, वादळ किंवा गळतीनंतर भिंतींवर वाढणारी बुरशी ही केवळ घराच्या सौंदर्याची नव्हे, तर रहिवाशांच्या आरोग्याचीही समस्या आहे. तिची तपासणी व निर्मूलन करण्यासाठी अमेरिकेतील काही राज्यांत परवाना सक्तीचा आहे. परवानाधारकाने राज्य बदलल्यास त्याच्या परवान्याचे काय होते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी :
या व्यवसायासाठी अमेरिकेत देशव्यापी परवाना नाही. व्यवसायांचे नियमन हा तेथे मुख्यतः राज्यांचा अधिकार होय. ‘डेन्ट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया’ (१८८९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय व्यवसायाच्या संदर्भात हा अधिकार मान्य केला. परिणामी राज्याराज्यांत एकवाक्यता नाही. टेक्सासने २००३ मध्ये कायदा केला. न्यूयॉर्कमध्ये परवान्याची सक्ती २०१६ पासून आली. कॅलिफोर्नियात असा स्वतंत्र परवानाच नाही. टेक्सासमध्ये सलग २५ चौरस फुटांपेक्षा कमी बुरशीच्या कामास परवाना लागत नाही. फ्लोरिडात ही मर्यादा १० चौरस फूट आहे.

हस्तांतरणाचे वास्तव स्वरूप :
‘हस्तांतरण’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. जुना परवाना नव्या राज्यात चालत नाही; त्याच्या आधारे फार तर नवा परवाना मागता येतो. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार अन्य राज्याच्या परवान्याचे निकष तेथील निकषांशी बव्हंशी समान असल्यास समकक्षतेच्या आधारे परवाना मिळू शकतो. मात्र विम्याची अट पूर्ण करावीच लागते. न्यूयॉर्कमध्ये राज्याच्या कामगार विभागाने मान्य केलेले प्रशिक्षण आवश्यक असते. खाजगी संस्थांची प्रमाणपत्रे पात्रतेचा पुरावा ठरू शकतात, परंतु ती परवान्याची जागा घेत नाहीत.

यातून एक विसंगती उद्भवते. कॅलिफोर्नियात अनेक वर्षे काम केलेल्या अनुभवी तज्ज्ञाकडे दाखवण्यास परवानाच नसतो. त्याला परीक्षा व प्रशिक्षणाच्या मार्गानेच जावे लागते. त्याचे कौशल्य राज्याची सीमा ओलांडते, त्याची कायदेशीर पात्रता मात्र ओलांडत नाही.

निष्कर्ष :
या अटी निव्वळ अडथळा मानणे योग्य ठरणार नाही. एकाच व्यक्तीने एकाच कामात तपासणी व निर्मूलन दोन्ही करू नये, हा टेक्सासमधील नियम रहिवाशाचे फसवणुकीपासून रक्षण करतो. तथापि, वादळानंतर कुशल मनुष्यबळाची गरज तातडीची असते. म्हणून निकष शिथिल करण्यापेक्षा राज्यांनी ते परस्परांशी जुळते करणे, हाच रहिवासी व व्यावसायिक या दोघांच्याही हिताचा मार्ग होय.