नकाशावरचा पट्टा आणि खरं घर

बेलुगा हा पांढरा देवमासा अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड आणि रशियाच्या थंड समुद्रांत राहतो. जगभरात ते सुमारे दोन लाख असावेत, म्हणून ही जात निर्धोक मानली जाते. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. अलास्कातल्या कुक इनलेट या खाडीत १९७९ साली सुमारे १,३०० बेलुगा होते. आज जेमतेम तीनशेच्या आसपास उरलेत. शिकार थांबली की संख्या आपोआप सावरेल, असं कुणी म्हणेल. पण १९९९ मध्ये तिथली शिकार जवळजवळ बंद झाली आणि तरीही कळप वाढला नाही. मग उत्तरेतले हजारो बेलुगा रिकामी जागा का भरत नाहीत? कारण पिल्लू आईबरोबर ज्या नदीमुखाशी जातं, तिथेच ते पुढे उन्हाळ्यामागून उन्हाळे परततं. कुक इनलेटचा कळप जनुकीयदृष्ट्याही इतरांहून वेगळा आहे. तो संपला, तर आर्क्टिकमधली गर्दी त्याची भरपाई करणार नाही.

आपल्या किनाऱ्यावरच्या कुबडवाल्या डॉल्फिनचं गणितही असंच आहे. नकाशावर त्याचा वावर आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून भारतापर्यंत पसरलेला दिसतो. प्रत्यक्षात तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याची चिंचोळी पट्टी आणि खाड्यांची मुखं धरून राहतो. मासेमारीची जाळी, बंदरं, बोटींची वर्दळ आणि शहरांचं सांडपाणी यांचीही गर्दी नेमकी याच पट्टीत होते. ‘समुद्र अफाट आहे, जाईल दुसरीकडे’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. खोल समुद्र त्याच्यासाठी परका मुलूख आहे. ही जात संकटग्रस्त ठरली आहे ती यामुळेच.

नाशिककराला यात काय, असा प्रश्न येईल. घाटावरचं सगळं पाणी गोदावरीबरोबर पूर्वेला जातं, असं आपण धरून चालतो. पण वैतरणाही त्र्यंबकेश्वरच्या परिसरातच उगम पावते आणि पश्चिमेला अरबी समुद्रात उतरते. दमणगंगाही याच जिल्ह्यातून निघून तिकडेच जाते. खाडीतली मासळी नदीने आणलेल्या गोड्या पाण्यावर आणि गाळावर पोसली जाते, आणि डॉल्फिन त्या मासळीवर. इगतपुरी तालुक्यातल्या ऊर्ध्व वैतरणा धरणातून मुंबईला पाणी जातं, आणि शहराला ते हवंच आहे, याबद्दल वाद नाही. पण नदीचं पाणी समुद्रात ‘वाया’ जातं, असं जेव्हा आपण सहज म्हणून जातो, तेव्हा खाडीच्या मुखाशी त्या पाण्याची वाट पाहणारं कुणी असतं, हे आपल्या हिशेबात येतच नाही.