टोकाचे वजन

क्यूची काठी विकत घेणारा प्रथम ती हातावर तोलून पाहतो. अमेरिकेतील पूल या खेळात ही काठी बहुधा अठरा ते एकवीस औंसांची असते, आणि अर्ध्या औंसावरूनही खेळाडूंत वाद रंगतात. परंतु नेमाच्या दृष्टीने या एकंदर वजनापेक्षा टोकाकडील वीतभर भागाचे वजन अधिक निर्णायक असते.

टोकाला चामड्याची टिकली असते. तिच्याखाली, लाकूड चिरू नये म्हणून, एक टोपण बसवितात. त्यास फेरुल म्हणतात. चेंडूच्या मध्यापासून किंचित उजवीकडे फटका मारला की चेंडू फिरू लागतो. टिकली व चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरता टिकतो. तेवढ्यात फिरणारा चेंडू टोकाला बाजूस रेटतो. टोक हलके असेल तर ते मुकाट्याने सरते. जड असेल तर अडून बसते, आणि मग चेंडूच नेमाच्या रेषेपासून डावीकडे ढळतो. नवशिक्याला हा आपल्या हाताचा दोष वाटतो. इतक्या अल्पावधीत धक्क्याची लहर दांड्यात फार मागे पोचत नाही. म्हणून मुठीकडील वजनाला येथे महत्त्व नाही.

जुन्या कारागिरांची आवड मात्र हस्तिदंताची. तो मॅपलच्या लाकडाहून दुपटीपेक्षा अधिक जड. दिसण्यात देखणा, प्रतिष्ठेत त्याहून मोठा! बिलियर्डच्या चेंडूंसाठी हत्ती मारले गेले तेव्हा त्या तोडीचे दुसरे द्रव्य नव्हते, अशी सबब तरी सांगता येते. फेरुलच्या बाबतीत तीही नाही. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार रोखण्याचा निर्णय १९८९ साली झाला, आणि पुढच्याच दशकात अमेरिकेत पोकळ टोकाचे, आखूड व हलक्या फेरुलचे दांडे बाजारात आले. चेंडूचे ढळणे त्यांनी पुष्कळ कमी केले.

स्नूकरच्या काठीला पितळी फेरुल असते, मग ते कसे चालते, असे कोणी विचारील. तेथे टोक नऊ-दहा मिलिमीटरांचे, पूलमधील तेरांच्या मानाने बारीक. आणि पितळेचे कडेही आखूड.

जड टोकाने खेळता येत नाही, असे मात्र नव्हे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद मिळविले, तेव्हा हे नवे दांडे कोठे होते? सरावलेला डोळा चेंडूचे ढळणे आधीच हिशेबात धरतो. फक्त दुसऱ्याची काठी हाती आली की तो हिशेब चुकतो.