गृहमत्स्यालयातील प्रवाळांचे पोषण

प्रवाळ म्हटले म्हणजे नवरत्नांतील पोवळे डोळ्यांपुढे उभे राहते. ते पोवळे म्हणजे प्राण्याच्या मागे उरलेला चुन्याचा सांगाडा होय. घरातील काचेच्या टाकीत प्रवाळभित्तीचा लहानसा अंश जोपासणाऱ्यास मात्र जिवंत प्राण्याशी व्यवहार करावयाचा असतो. ‘खाऊ घालणे’ व ‘पोसणे’ या दोन भिन्न क्रिया आहेत, हे त्याने प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. अन्यथा अन्नाच्या विपुलतेतही त्याचे प्रवाळ मरतात.

भित्ती रचणाऱ्या प्रवाळाचे पोषण दोन मार्गांनी होते. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवले राहतात व प्रकाशाच्या साहाय्याने तयार केलेल्या शर्करादि द्रव्यांचा मोठा वाटा यजमानास देतात. शिवाय प्रत्येक पॉलिप आपल्या संस्पर्शकांवरील दंशकोशिकांनी प्राणिप्लवक पकडतो. सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखाली १९२८–२९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफवर गेलेल्या संशोधकांनी काही प्रवाळ अंधारात ठेवले. त्यांतील शैवले नाहीशी झाली. तथापि भक्ष्य मिळत राहिल्यामुळे प्रवाळ जगले. यावरून प्रवाळ केवळ मांसाहारी आहेत, असे याँग यांचे मत झाले. पुढे किरणोत्सारी कार्बनाच्या साहाय्याने शैवलांकडील अन्न प्राण्यापर्यंत पोहोचते हे सिद्ध झाले. सारांश, प्रकाश ऊर्जा पुरवितो, तर भक्ष्यातून मुख्यतः नायट्रोजन व फॉस्फरस मिळतात. ट्यूबॅस्ट्रियासारख्या शैवलरहित प्रवाळांस मात्र भक्ष्यावाचून गत्यंतर नाही.

माशांची गोष्ट वेगळी. सर्जन मासा दिवसभर शैवल खुडतो. मँडरिन मासा बहुधा जिवंत सूक्ष्म कवचधारी प्राणीच टिपतो व नव्या, निर्जीवप्राय टाकीत उपाशी मरतो. माशांनी खाल्लेल्या अन्नातील पुष्कळसा नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो. जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. सच्छिद्र खडकाच्या प्राणवायुहीन अंतर्भागात नायट्रेटाचा काही अंश वायुरूप होऊन निघून जातो. फॉस्फेटास असा मार्ग नाही. ते साठत राहते, उपद्रवी शैवलांस वाढविते आणि प्रवाळाच्या सांगाड्याच्या घडणीत अडथळा आणते.

येथेच सागर व टाकी यांतील मूलभूत भेद स्पष्ट होतो. भित्तीवरील पाण्यात विरघळलेली पोषकद्रव्ये अत्यल्प असतात. परंतु लाटा व प्रवाह यांबरोबर भक्ष्याचा ओघ अखंड चालू असतो. टाकीत उलट घडते: ओघ तुटक, साठा मोठा. म्हणून माशांस एकाच वेळी पुष्कळ अन्न न देता, एकदोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न दिवसातून दोनतीन वेळा द्यावे. प्रवाळांस दिवे मंद झाल्यावर, संस्पर्शक बाहेर आले असता, पाण्याचा प्रवाह थोडा वेळ थांबवून भरवावे. मोठ्या पॉलिपांस मायसिस, तर लहानांस आर्टेमियाची नुकतीच जन्मलेली पिले मानवतात. उरलेले अन्न काढून टाकावे, पाणी नियमाने अंशतः बदलावे.

मात्र भयाने अन्न अगदीच तोडणे हाही उपाय नव्हे. पाण्यातील पोषकद्रव्ये पूर्णपणे संपली तर शैवले क्षीण होतात व प्रवाळ फिके पडतात. टाकीत काय घातले यापेक्षा त्यातील किती जीवांच्या अंगी लागले व किती पाण्यात उरले, यावरच या लहानशा सृष्टीचे आयुष्य अवलंबून असते.