आयर्न मॅनचे चिलखत घरी घडवताना

चित्रपट, कॉमिक किंवा व्हिडिओ गेममधल्या पात्राचा वेश स्वतः तयार करून मिरवायचा छंद म्हणजे कॉस्प्ले. १९३९ साली न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात मर्टल डग्लस स्वतः शिवलेला भविष्यकाळातला पोशाख घालून आल्या, तेव्हा शिवणकामावर भागत होते. २००८च्या ‘आयर्न मॅन’ चित्रपटातले चिलखत करायला घेतले तर नुसते शिवणकाम अपुरे पडते. छातीवरची उजळणारी तबकडी, चमकणारे डोळे आणि आपोआप उघडणारा मुखवटा हवा, तर शिंपी, चांभार, रंगारी आणि इलेक्ट्रॉनिक्सचा कारागीर या साऱ्यांचे काम एकट्याने शिकावे लागते.

आधी माप. अंगाभोवती पातळ प्लास्टिक आणि वर चिकटपट्टी गुंडाळून त्यावर चिलखताचे भाग आखतात. मग ते कवच कापून सपाट पसरले की बेतायला नमुना मिळतो. चिलखत मुख्यतः ईव्हीए फोमचे, म्हणजे चपलांचे तळ ज्याचे करतात त्याच मालाचे. हीट गनने तापवला की तो वाकतो आणि त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो. जोडताना रबराचा गोंद दोन्ही कडांना लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबतात. एकदा टेकवलेली कड पुन्हा सरकवता येत नाही. या गोंदाची वाफ घातक असते. उघडी खिडकी आणि रासायनिक वाफ अडवणारा मास्क यांत काटकसर करूच नये. रंगाआधी लवचीक अस्तर द्यावे लागते, नाहीतर अंग हलताच रंगाला तडे जातात.

खरी कसोटी विजेची. डोळ्यांसाठी आणि छातीसाठी सुटे नियंत्रित होणारे रंगीत एलईडी वापरतात आणि आर्डुइनोसारख्या छोट्या बोर्डवर प्रोग्राम लिहून ते चालवतात. असा एक एलईडी पूर्ण पांढऱ्या उजेडात सुमारे ६० मिलिअँपिअर प्रवाह खातो. म्हणजे ६० एलईडींना ३.६ अँपिअर लागतात, आणि पुष्कळशा साध्या पॉवर बँकांना ५ व्होल्टवर एवढा प्रवाह देणे झेपत नाही. म्हणून प्रोग्राममध्येच उजेडावर मर्यादा घालतात. अंधाऱ्या सभागृहात निम्मा उजेडही भरपूर दिसतो. मुखवटा उचलणारी सर्वो मोटर सुरू होताना एकदम जास्त प्रवाह ओढते. तेवढ्यात व्होल्टेज घसरले की बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि मुखवटा अर्ध्यावर अडकतो. मोटरला वेगळा वीजपुरवठा द्यायचा, पण ग्राउंड मात्र दोन्हींचा एकच ठेवायचा, हा त्यावरचा उपाय. बहुतेक नवशिक्यांची इथेच दमछाक होते. प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात रात्री जातात आणि दोष पुरवठ्यात निघतो.

टेबलावर नीट चाललेले सर्किट अंगावर चढले की वेगळेच वागते. कोपर वाकले की सोल्डरिंगच्या टोकाशी तार तुटते. यासाठी एकाच जाड तारेऐवजी बारीक तंतूंची लवचीक वायर घेतात, सांध्याजवळ तिला थोडी ढील देतात आणि प्रत्येक भाग कनेक्टरने सुटा होईल असे पाहतात. वायरींच्या वाटा, बॅटरीचा कप्पा आणि हेल्मेटमधल्या पंख्याची जागा हे सारे रंगाच्या आधीच ठरलेले बरे. रंगलेले चिलखत नंतर कापावे लागले, तर आधीची मेहनत वाया जाते.

शेवटी पूर्ण वेशात चालून, जिना चढून, बसून पाहतात. हेल्मेटमधून पायाखालचे दिसत नाही, म्हणून मुंबई कॉमिक कॉनसारख्या गर्दीत सोबत एक माणूस लागतो. त्याच्या पिशवीत गोंद, चिकटपट्टी, जादा वायर आणि चार्ज केलेली दुसरी पॉवर बँक असते.